निरोपात हुकूम नको

काउंटरवर ठेवलेला तो फोन मला अजून दिसतो. एका कोपऱ्यात काच तडकलेली, पाठीवर साईबाबांचा स्टिकर. इंदूरच्या एका बँकेत मी तेहतीस वर्षं नोकरी केली आणि त्यातली बरीचशी मयत खातेदारांचे क्लेम निकाली काढण्यात गेली. दोघं भाऊ आले होते. वडील जाऊन महिना झाला होता. थोरल्याच्या हातात डेथ सर्टिफिकेट आणि एफडीची पावती, धाकट्याच्या हातात हा फोन. "मॅडम, एकदा बघून तर घ्या," म्हणत त्याने व्हिडिओ लावला.

खाटेवर वडील बसलेले. खांद्यावर पंचा. आवाज खोल गेलेला, पण शब्द स्वच्छ. एफडी धाकट्याला द्यायची. मल्हारगंजातला वाडा विकायचा नाही. आईला थोरल्याने सांभाळायचं. भांडायचं नाही. तीन मिनिटांत सगळं आटोपलं. थोरला तोवर गप्प होता. व्हिडिओ संपल्यावर म्हणाला, "परत लावा, आणि मागचा आवाज ऐका." परत लावला. मधेमधे कॅमेऱ्यामागून कुणीतरी हळूच म्हणत होतं, "हां, आता वाड्याचं बोला."

एफडीवर नॉमिनी थोरला होता. बँक नॉमिनीला पैसे देऊन मोकळी होते. ते पैसे शेवटी कोणाचे, हे मृत्युपत्र किंवा वारसाहक्क ठरवतो. हे मी दोघांना समजावलं. दोघांनी माना डोलावल्या आणि एकमेकांकडे न बघता निघून गेले. एफडीचं पुढे काय झालं कोण जाणे. वाड्याचं मात्र मला ठाऊक आहे, कारण माझा जाण्यायेण्याचा रस्ता तोच. बारा वर्षं झाली. माळवद एका अंगाने बसलंय, दर्शनी भिंतीला टेकू लावलेत, आत कोणी राहत नाही. विकायचा विषय निघाला की तो व्हिडिओ निघतो म्हणे. बाबा बोलून गेलेत, या एका वाक्यावर तो वाडा उभा आहे, म्हणजे हळूहळू पडतो आहे.

एवढं सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, माणसाने जाण्यापूर्वी घरच्यांसाठी काही बोलून ठेवावं हे मला मान्य नाही. उलट, प्रत्येकाने ठेवावं, आणि हातपाय धड असताना ठेवावं, असं माझं मत आहे. माझी हरकत फक्त एका गोष्टीला आहे. त्यात हुकूम नसावा. जिवंत माणसाने काही सांगितलं तर आपण वाद घालतो, रुसतो, आठवड्याने त्याचंच मत बदललेलं बघतो. गेलेल्या माणसाशी भांडता येत नाही. त्याचं मत बदलायचं दार बंद झालेलं असतं, आणि आपल्या घरांत 'शेवटची इच्छा' हे शब्द कोर्टाच्या निकालापेक्षा जड असतात. निकालावर निदान अपील तरी आहे.

मुळात हा विषय घरात काढणंच कठीण. "शुभ बोल, वास्तू तथास्तु म्हणते," असं आजी एका वाक्यात आटपून टाकते. दारातून निघणाऱ्याने 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं, अशी आपली भाषा. या संकोचाची थट्टा करावी असं मला वाटत नाही. त्यात माया आहे. पण त्याच भाषेने 'निरोप' असा एक शब्द दिलाय, ज्यात पाठवलेला सांगावाही येतो आणि रजा घेणंही येतं. निरोप घेणं म्हणजे काय? उंबऱ्यात थांबून, "निघू का?" असं विचारणं. आतल्या माणसाने "बरं, या" म्हटल्याशिवाय तो पुरा होत नाही. ज्या शब्दात परवानगी मागणं बसलंय, त्या शब्दात आज्ञा कशी शोभेल?

माझ्या सासऱ्यांना असा निरोप घेता आला नाही, आणि त्याचा दोष आमचाच. २००३ साल. डॉक्टर नवऱ्याला बाहेर कॉरिडॉरमध्ये घेऊन गेले आणि सांगितलं, आठवडा, फार तर दहा दिवस. मग आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं, अण्णांना कळू द्यायचं नाही. हे नाटक इंदूरच्या कुठल्याही हॉस्पिटलात रोज चालतं. पेशंट सोडून मजल्यावरच्या सगळ्यांना ठाऊक असतं. अण्णा विचारायचे, "घरी कधी?" आम्ही म्हणायचो, "सोमवारी." पहिला सोमवार गेला. दुसऱ्या सोमवारी त्यांनी विचारलंच नाही. त्यांना कळलं होतं, आणि आम्हाला त्रास होऊ नये म्हणून तेही नाटकात सामील झाले होते. पोस्टाच्या खात्यात आयुष्य काढलेला बोलका माणूस, शेवटचे चार दिवस छताकडे बघत गेला.

दहाव्याला बडवाह्याजवळ नर्मदेच्या घाटावर पिंड ठेवला. कावळा काही शिवेना. वर झाडावर दोन बसलेले, पण खाली येईनात. मग सुरू झालं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. कोणी म्हणालं, "अण्णा, धाकटीचं लग्न आम्ही करू." कावळा नाही. "अण्णा, आईंना अंतर देणार नाही." कावळा नाही. चुलत दीर पुढे होऊन म्हणाले, "अण्णा, खंडव्याचं शेत विकणार नाही!" आणि नेमका तेव्हाच एक कावळा उतरला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. झालं. शेताला अण्णांनी उभ्या आयुष्यात विशेष किंमत दिली नव्हती. पण त्या कावळ्यामुळे ते पुढे सतरा वर्षं कोणाला विकता आलं नाही. आणखी अर्धा तास कोणी बोललं नसतं, तर गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला असता, आणि शेत मोकळं राहिलं असतं.

तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, हा आपला फार जुना प्रश्न आहे. जाणारा न बोलता जातो, मागचे अंदाज करत बसतात, आणि अंदाजाच्या भरात असली वचनं देऊन बसतात जी मागितलीच नव्हती. अण्णांचा पाच मिनिटांचा आवाज असता तर कावळ्यावर एवढा भार पडला नसता. पण त्याच पाच मिनिटांत ते "शेत विकू नका" म्हणाले असते तर? तर कावळा आणि फोन यांत फरक काय राहिला?

म्हणून मी एक कसोटी धरली आहे, ती आपल्याच घरातली. तेराव्यापर्यंत फिटेल एवढीच इच्छा निरोपात सांगावी. दहन रामबागेत करायचं की पंचकुइयाला, अस्थी ओंकारेश्वरला सोडायच्या की उज्जैनला क्षिप्रेत, डोळे द्यायचे, देह द्यायचा, तेराव्याला पुरणपोळी नको श्रीखंड करा, काय हवं ते सांगा. लोक आनंदाने करतील. करायला हातात काहीतरी असलं तर ते दिवस सोपे जातात. पण लग्न कोणाशी कर, घर विकू नको, भावाला सोडू नको, इंदूर सोडू नको, ह्या तेरा दिवसांच्या गोष्टी नव्हेत, तीस वर्षांच्या आहेत. त्यांत तुम्ही हजर नसणार.

यावर माझी मैत्रीण म्हणते, "म्हणजे बापाने पोराला काही सांगूच नये?" सांगावं की. जिवंतपणी सांगावं, आणि उत्तर ऐकून घ्यावं. इंदूरकरांना दाखला दूर शोधायला नको. मल्हारराव होळकरांनी १७६५ साली अहिल्याबाईंना धाडलेलं पत्र प्रसिद्ध आहे: चंबळ ओलांडून ग्वाल्हेरीला जा, चार-पाच दिवस मुक्काम कर, मोठा तोफखाना जवळ ठेव, दारूगोळ्याची तजवीज कर, वाटेवर चौक्या बसव. नुसते हुकूमच हुकूम. तरी आजही ते वाचताना त्यातला सुनेवरचा भरवसा कळतो, वेगळं 'माझा तुझ्यावर विश्वास आहे' असं लिहायची गरज पडलेली नाही. पण त्या हुकमाला उलट जासूद धाडता येत होता. तोफा ओढायला बैल नाहीत, असं कळवता येत होतं. पुढच्याच वर्षी, १७६६ मध्ये, मल्हारराव आलमपूरला वारले, आणि त्यानंतर राज्य कसं चालवायचं ते बाईंनी स्वतः ठरवलं. राजधानीही महेश्वरला नेली.

ज्याला खरोखरच हुकूम सोडायचाय, त्याच्यासाठी कागद आहे. मृत्युपत्र कसं असावं हे १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या ६३ व्या कलमात सांगितलंय: करणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि किमान दोन साक्षीदार. रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही, केलं तर बरं. व्हिडिओ हे मृत्युपत्र होत नाही. माणूस शुद्धीवर होता, सही त्यानेच केली, एवढं दाखवायला फार तर उपयोगी. व्हेंटिलेटर लावायचा की नाही, हेही कागदावरच. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी अशा आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली, आणि आधी त्यासाठी मॅजिस्ट्रेटची सही लागायची ती २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने सुटली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. बँकेच्या खात्याला १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी लावता येतात, तेही लावून टाका. कागद रुक्ष असतो हाच त्याचा गुण. तो रडत नाही, त्याच्यावर हरकत घेता येते, आणि कोणी हरकत घेतली म्हणून बापाचा अपमान होत नाही.

हे सगळं कागदावर गेलं की आवाजासाठी काय उरतं? जे उरतं तेच खरं. कॅनडातल्या विनिपेगचे मानसोपचारतज्ज्ञ हार्वे चोचिनॉव यांनी मरणासन्न रुग्णांसाठी एक पद्धत बसवली. रुग्णाला साधे प्रश्न विचारायचे: आयुष्यातलं काय सगळ्यात जास्त आठवतं, कशाचा अभिमान वाटतो, घरच्यांना काय सांगायचं राहिलंय. बोलणं रेकॉर्ड करायचं, उतरवून काढायचं, नीट लावायचं, आणि रुग्णाला वाचून दाखवायचं. तो दुरुस्त करणार, मग ते घरच्यांच्या हाती जाणार. २००५ साली त्यांनी शंभर रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातल्या ९१ टक्क्यांनी समाधान सांगितलं. मला त्या टक्क्यांपेक्षा वाचून दाखवण्याची पायरी महत्त्वाची वाटते. कोणाला लागेल असं काही असलं, तर ते ठेवायचं का, हे बोलणाऱ्यालाच विचारलं जातं. मल्हारगंजच्या त्या खाटेवर हेच झालं नाही. तिथेही प्रश्न विचारणारा होता, पण त्याला उत्तर आधीच ठाऊक होतं.

सासूबाईंच्या वेळी मी ही पद्धत चोरली. त्या ८१ वर्षांच्या, बऱ्यापैकी ठणठणीत. दुपारी चहा झाल्यावर फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. पहिली दहा मिनिटं भाषण: सुखाने राहा, देवाधर्माचं बघा. मी मधेच विचारलं, "आई, लग्न होऊन इंदूरला आलात तो दिवस आठवतो?" मग गाडी रुळावर आली, खरोखरच. १९६१ साल, खंडव्याहून मीटरगेजची गाडी. कालाकुंडला घाट चढायला मागून दुसरं इंजिन लावायचे, म्हणून गाडी थांबायची, आणि फलाटावर पळसाच्या पानात कलाकंद मिळायचा. अण्णांनी तो घेतला, पण सासऱ्यांच्या देखत बायकोला द्यायचा कसा, म्हणून महूपर्यंत हातात धरून बसले. तो पार चिकट झाला. "तेव्हाच मला कळलं, माणूस बरा आहे," म्हणाल्या.

आणि मग, विचारलं नसताना, म्हणाल्या, "तुझी बँकेतली नोकरी सोडवायला मी निघाले होते. अण्णांनी मला अडवलं. तुला हे कोणी सांगितलं नसेल. चुकलंच माझं."

तीस वर्षं मी मनात उलटं धरून बसले होते. अण्णांचा विरोध आणि आईंचा पाठिंबा, असा माझा हिशेब. रेकॉर्डिंग नसतं तर हा हिशेब तसाच राहिला असता, आणि अण्णांच्या फोटोला मी नुसतीच कर्तव्य म्हणून फुलं वाहत राहिले असते.

शेवटी मात्र हुकूम आलाच. "महालक्ष्म्या बंद पडू देऊ नकोस. सोळा भाज्या, पुरणावरणाचा नैवेद्य, सगळं." दुसऱ्या दिवशी मी त्यांना सगळं ऐकवलं आणि त्या वाक्याशी थांबवून विचारलं, "आई, एवढं काढू का?" दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी कणीक मळता मळता म्हणाल्या, "लाव तुझं ते मशीन." नवीन वाक्य असं: "जमेल तोवर करा. नाही जमलं तर मुखवटे नर्मदेत सोडा. त्या माहेरवाशिणी आहेत, त्यांना रस्ता ठाऊक आहे." त्या रुसल्या, विचार केला, मत बदललं. हे करायला माणूस जिवंत लागतो, आणि शक्यतो आयसीयूच्या बाहेर लागतो.

हे टिकवायचं कसं, याचंही थोडं. आमच्या माळ्यावर पणजोबांची मोडीतली पत्रं आहेत. कागद शाबूत, शाई शाबूत, घरात वाचणारा एकही नाही. मोबाइलमधलं रेकॉर्डिंग याहून लवकर मुकं होतं. फोनचा पिन कोणाला माहीत नसतो. व्हॉट्सअ‍ॅपचं खातं १२० दिवस वापरलं नाही तर सहसा पुसलं जातं. गूगलचं दोन वर्षांनी पुसलं जाऊ शकतं. गूगलमध्ये एक सोय आहे: तीन ते अठरा महिने खातं निपचित पडलं की तुम्ही नेमलेल्या, जास्तीत जास्त दहा माणसांना त्यातलं मिळतं. अ‍ॅपलनेही २०२१ अखेर तशी सोय केली. ज्यांना हे जमत नाही त्यांनी दोन पेनड्राइव्ह करून दोन घरांत ठेवावेत. फॅमिली ग्रुपवर मात्र टाकू नये. तिथे पाच मिनिटांत 'ॐ शांती' आणि हात जोडलेले बाहुले जमतात, आणि एका माणसासाठी बोललेलं सगळ्यांचं होऊन कोणाचंच राहत नाही.

बोलावंही आपल्याच बोलीत. इंदूरच्या घराघरांत नातवंडं आपसात हिंदीच बोलतात, म्हणून काही आज्याआजोबा मुद्दाम शुद्ध हिंदीत, नाहीतर पुण्याच्या मराठीत बोलायला जातात. कशाला? नातवाला एक दिवस ऐकायचं असेल ते आपलं हे "अरे भिया, जीरावन कुठे ठेवलं बे" असलंच मिश्रण.

भाच्याने परवा सुचवलं, "मामी, आजीचं चाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग आहे ना? एआयला दिलं तर आजी हवं ते बोलेल. दर वाढदिवसाला." थट्टा नव्हती. २०१८ मध्ये वारलेल्या करुणानिधींना जानेवारी २०२४ मध्ये पडद्यावर भाषण करताना तामिळनाडूने बघितलंच आहे. मी नाही म्हटलं. कॅमेऱ्यामागून "आता वाड्याचं बोला" म्हणणाऱ्याला निदान जिवंत बापाची मान हलवून घ्यावी लागली होती. इथे तीही लागणार नाही. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "मी बोलले नाही ते माझ्या तोंडून नको." हा हुकूम आहे, मान्य. माझ्या कसोटीत बसत नाही. तरी तो मी ठेवला आहे.

माझं स्वतःचं अजून व्हायचंय. मागच्या महिन्यात प्रयत्न केला, नऊ मिनिटं बोलले, आणि मुलाला पुण्याला फोनवर ऐकवलं. तो शेवटपर्यंत शांत होता. मग म्हणाला, "आई, मी मोजत होतो. चौदा." गच्चीवरच्या टाकीपासून त्याच्या लग्नापर्यंत चौदा हुकूम. पुसून टाकलं. येत्या रविवारी तो येतोय, पोहे झाले की परत बसणार आहोत. या वेळी प्रश्न तो विचारेल.